सोलापुरात पेंट रिमूव्हर उघडायचा तर डिसेंबरात

डायकास्ट गाडीचा, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेल्या खेळण्यातल्या गाडीचा, जुना रंग काढायला काय वापरतोस असं कुणी विचारलं की मी आधी उलटं विचारतो, सध्या महिना कोणता चाललाय आणि तुमच्याकडे पाणी कधी येतं? समोरच्याला वाटतं हा टाळतोय. पण खरंच सांगतो, यूट्यूबवर इंग्लंड-अमेरिकेतले काका गॅरेजमध्ये बसून जे दाखवतात ते आपल्याकडे जसंच्या तसं चालत नाही, आणि का चालत नाही ते एकदा इथं सविस्तर लिहून टाकतो म्हणजे प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळं टाइप करत बसायला नको.

आधी धातूचं बघू. आपण लहानपणी जिला लोखंडी गाडी म्हणायचो ती लोखंडी नसतेच. चुंबक लावून बघा, एक्सल चिकटेल, एखाद्या जुन्या गाडीचा पत्र्याचा तळ चिकटेल, बॉडी चिकटणार नाही. बॉडी असते झामॅकची, म्हणजे जस्तात साधारण ४ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि चिमूटभर मॅग्नेशियम, काही प्रकारात तांबं. इंग्लंडात ह्यालाच मॅझॅक म्हणायचे. हा धातू ३८०-३९० अंशाला वितळतो, साच्यात दाबून ओतायला सोपा, म्हणून तर खेळण्यांना वापरला, आणि म्हणूनच हीट गनने रंग उडवायची आयडिया डोक्यातून काढून टाका कारण हीट गन सहज ५०० च्या वर जाते. आता ह्या जस्ताची आणि अ‍ॅल्युमिनियमची खोड अशी आहे की त्यांना अ‍ॅसिडही खातं आणि अल्कलीही खाते. लोखंडाचा नट कॉस्टिकमध्ये रात्रभर पडला तरी त्याला काही होत नाही, जस्ताला होतं. पुढचं सगळं ह्या एका गोष्टीवर आहे.

म्हणून संडास धुवायचं अ‍ॅसिड पहिल्यांदा बाद. कुठल्याही ब्रँडचं असो, निळं असो का पिवळं, त्यात बहुतेक हायड्रोक्लोरिक असतं, गाडी टाकली की असे काही बुडबुडे येतात की बघणाऱ्याला वाटावं काय मस्त काम चाललंय. ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात आणि तो हायड्रोजन तुमच्या गाडीचं बॉनेट खाऊन निघतोय. व्हिनेगरमध्ये तासन् तास ठेवणं हे पण त्याच जातीतलं, फक्त हळू. गंजलेला एक्सल वेगळा काढून व्हिनेगरमध्ये टाका, तो लोखंडाचा असतो, त्याचं काही जात नाही.

आणि अजून एक, रंग काढायचाच का हे आधी ठरवा. माझ्याकडे येतात त्या गाड्या भंगारवाल्याकडून, कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेतून, नातेवाईकांच्या पोरांनी चावून टाकलेल्या. त्यात मॅचबॉक्स असतात, हॉट व्हील्स असतात, आणि मग आपल्या कलकत्त्याच्या, निकी टॉइज, मिल्टन वगैरे. निकीवाल्यांकडे इंग्लंडच्या डिंकीचे जुने साचे आले होते आणि त्यावर त्यांनी गाड्या काढल्या, काही गाड्यांच्या तळाशी डिंकीचं नाव खोडून काढलेली जागा अजून दिसते. असल्या गाडीवर मूळ रंग निम्म्याच्या वर शिल्लक असेल तर हात लावू नका, साबणाच्या पाण्याने पुसा आणि कपाटात ठेवा. नवाकोरा रंग मारलेली निकी मला तरी बघवत नाही. पण बॉडीवर कुणीतरी घरातला उरलेला ऑइल पेंट फासलाय, नाहीतर ताईच्या नेलपॉलिशने गुलाबी केलीय, तिथं बिनधास्त काढा.

बरं, आता दुकानात मिळणारा पेंट रिमूव्हर. हार्डवेअरच्या काउंटरवर जो डबा देतात, जेलसारखं घट्ट, त्याच्यावर बारीक अक्षरात बऱ्याचदा मेथिलीन क्लोराइड लिहिलेलं असतं. त्यालाच डायक्लोरोमिथेन म्हणतात, डीसीएम. रंग काढण्यात ह्याच्यासारखं दुसरं काही नाही हे मान्यच करायला पाहिजे. त्याचा रेणू इतका छोटा की तो रंगाच्या थरातून आरपार घुसतो, खाली धातूपाशी जातो आणि रंगाला आतून फुगवून उचलतो. मॅचबॉक्सची ५ नंबरची लाल लंडन बस आहे ना, तिच्या टपावर ब्रशने जाडसर थर द्या आणि नुसतं बघत बसा, दोन-तीन मिनिटं काहीच होत नाही, मग एका कोपऱ्यात बारीक सुरकुती येते, आणि मग तापलेल्या दुधावरची साय फुंकर मारल्यावर गोळा होते तसा सगळा लाल रंग एका बाजूला गोळा होत जातो आणि खालून करडं चकचकीत जस्त उघडं पडतं. जस्ताला ते काहीच करत नाही. ना काळं पाडतं ना खातं. कारागिरीच्या दृष्टीने बघाल तर उत्तर इथंच संपलं.

पण डीसीएम उकळतं ४० अंशाला. चाळीस! पाणी १०० ला, हे ४० ला. आता सोलापुरात एप्रिल-मे मध्ये सावलीतलं तापमान किती असतं हे मी काय सांगू, ४० म्हणजे आपल्याकडे 'आज जरा बरंय' म्हणायचा दिवस, ४२-४३ चं काही नवल नाही. म्हणजे गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या डब्यात ते अक्षरशः उकळायच्या बेतात बसलेलं असतं, झाकण फुगलेलं, आणि तुम्ही स्क्रू ड्रायव्हरने झाकण उचकटलं की फस्सकन तोंडावर. लंडनमधल्या काकांना हे सांगायची गरजच पडत नाही, त्यांच्या गॅरेजमध्ये १५-१८ अंश असतात. दुसरं असं की ह्या उष्णतेत ब्रशने लावलेला थर रंगात मुरायच्या आधीच उडून जातो. जेलमध्ये मेण घातलेलं असतं ते त्यासाठीच, वर पापुद्रा धरून वाफ अडवायला, पण मे महिन्यात ते मेणही काय करणार. मग लोक परत थर देतात, परत देतात, डबा संपतो आणि रंग निम्मा तसाच.

आणि वाफेचं प्रकरण गंमतीचं नाही. डीसीएमची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असते, ती वर जात नाही, खाली साचते. बंद न्हाणीघरात, बाथटबचा रंग काढताना खाली वाकून काम करणारी माणसं अमेरिकेत मेलेली आहेत, आणि ही वाफ शरीरात गेल्यावर तिचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो, म्हणजे ज्याला हार्टचा त्रास आहे त्याने तर डब्याकडे बघूपण नये. २०१९ साली अमेरिकेने असले रिमूव्हर घरगुती गिऱ्हाइकांना विकायला बंदी घातली. म्हणून व्हिडिओ बघताना तो कुठल्या वर्षीचा आहे ते आधी बघा. त्याच्या आधीच्या व्हिडिओत दहा मिनिटात रंग उडतो ते डीसीएमवालं, नंतरच्यात लोक जेल लावून रात्रभर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात ते बहुतेक वेगळं, बेन्झिल अल्कोहोल वगैरेवालं. दोन्हीला 'पेंट स्ट्रिपर'च म्हणतात आणि खाली कमेंटमध्ये आपली मंडळी विचारत असतात की माझं दहा मिनिटात का होत नाही.

तेव्हा माझा नियम, रिमूव्हरचा डबा नोव्हेंबर ते जानेवारी, सकाळी, उघड्या गच्चीवर, वारा पाठीमागून. डिसेंबरात सकाळी सातला आपल्याकडे पंधरा-सोळा अंश असतात, डबा शांत असतो, थर टिकतो. ग्लोव्हजबद्दल एक सांगतो, ते निळे नायट्राइलचे ग्लोव्हज डीसीएमपुढे काही मिनिटंच टिकतात, वरून धड दिसतात आणि आतून हात आधी गार पडतो मग चरचरतो. म्हणून ग्लोव्हजवर भरवसा ठेवून हात बुडवायचाच नाही, गाडी लांब चिमट्याने धरायची, काम ब्रशने करायचं, भांडं काचेचं. प्लास्टिकची वाटी घेतली तर वाटीच विरघळायला लागते. काम झाल्यावर ते मेण बॉडीवर चिकटून राहतं, डोळ्याला दिसत नाही, पण त्यावर प्रायमर मारला की प्रायमर फाटतो, म्हणून शेवटी थिनरच्या फडक्याने पुसणं आलंच.

मग उन्हाळ्यात काय? उन्हाळ्यात कॉस्टिक सोडा. आणि ह्या बाबतीत सोलापूरच्या माणसाने कुणाकडे बघायची गरज नाही. आपलं गाव चादरी-टॉवेलचं, सूत उकळायला, ब्लीचिंगला, पक्क्या रंगाला कॉस्टिक लागतोच, त्यामुळे जी गोष्ट पुण्या-मुंबईच्या लोकांना ऑनलाइन मागवावी लागते ती आपल्याकडे रंग-केमिकलच्या दुकानात किलोवर मिळते, पांढरे फ्लेक्स, जाड प्लास्टिकच्या पिशवीत. माझ्या एका दोस्ताच्या घरचं पूर्व भागात डाय हाऊस, म्हणजे सूत रंगवायचा कारखाना आहे, त्याला मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो हसत सुटला, "काय बे, आम्ही पोत्याने हौदात टाकतो आणि तू डबीत मागतो?" पण त्याने जे दोन-तीन नियम सांगितले ते कुठल्याच व्हिडिओत इतक्या नीट सांगितलेले मी बघितले नाहीत. पहिला, पाण्यात कॉस्टिक टाकायचा, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, थोडं पाणी आणि खाली ढीगभर कॉस्टिक असेल तर ते उसळून अंगावर येतं. दुसरा, पिशवी उघडी राहिली की तो हवेतलं पाणी ओढून दगड होतो, मग तो दगड फोडायला जाऊ नका, कणी डोळ्यात जाते. आणि तिसरा, बोटाला बुळबुळीत लागलं की समजायचं हात धुवायला उशीर झालाय. तो बुळबुळीतपणा म्हणजे तुमच्या कातडीतल्या तेलाचा साबण व्हायला लागलेला असतो.

हीच गोष्ट रंगाची. जुना इनॅमल, ऑइल पेंट, हे तेलापासून केलेल्या रेझिनचे रंग, कॉस्टिक त्यातल्या तेलकट भागाचा साबण करतो आणि रंग सुटतो. म्हणूनच पन्नास-साठच्या दशकातल्या मॅचबॉक्सवर तो झकास चालतो, ऑइल पेंट फासलेल्या गाडीवर तर विचारूच नका, आणि अलीकडच्या काही हॉट व्हील्सवर किंवा पावडर कोटिंगवर ढिम्म काही करत नाही. ढिम्म म्हणजे रंगाला. खाली जिथं कुठं धातू उघडा आहे, चाकाच्या कमानी, तळाची कड, तिथं मात्र तो जस्त खात बसलेला असतो. त्यामुळे वीस मिनिटात काही हललं नाही तर 'अजून थोडा टाकून बघू' हा मोह आवरायचा, त्या रंगावर कॉस्टिक चालणारच नाही, गाडी बाहेर काढा.

माझं प्रमाण साधं आहे, लिटरभर पाण्याला ३०-४० ग्रॅम. व्हिडिओत ह्याच्या कितीतरी पट कडक करतात, आणि मग बॉडी काळी ठिक्कर बाहेर येते. पाणी कोमट पाहिजे, आणि इथं आपला उन्हाळा कामाला येतो, दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी आंघोळीला नको वाटतं इतकं तापलेलं असतं, तेच घ्यायचं. गॅसवर ठेवून उकळायचं नाही, वाफेबरोबर कॉस्टिकचे शिंतोडे नाकात जातात. गाडी तांब्याच्या नाहीतर स्टीलच्या तारेला लटकवून सोडायची म्हणजे हात न घालता वर काढून बघता येते. दर पाच मिनिटांनी बघायची. रंग आधी मऊ होतो, मग कडांना सुटतो, ब्रश मारला की चिखलासारखा निघतो.

भांड्याचं लक्षात ठेवा, जर्मनचं पातेलं चालणार नाही. अ‍ॅल्युमिनियम कॉस्टिकमध्ये जस्तापेक्षा जोरात विरघळतं, फसफसून हायड्रोजन निघतो, पातेलं काळं पडतं आणि तसंच ठेवलं तर भोक पडतं. स्टीलचं चालतं, आइस्क्रीमचा जाड प्लास्टिकचा डबा त्याहून बरा, त्यावर झाकण बसतं आणि तो नंतर स्वयंपाकघरात परत जायचा प्रश्न येत नाही. आमच्या मातोश्रींनी तर डब्यावर मार्करने 'खाण्याचा नाही' लिहायला लावलंय, जे एरवीही करावंच, घरात लहान पोरं असतील तर कुलपात.

आता पाणी. कॉस्टिकचं सगळं काम धुण्यावर आहे. गाडी बाहेर काढली की भरपूर पाण्याने धुवायची, दाराच्या फटीत, रिव्हेटच्या भोकात, पोकळ खांबात कॉस्टिक अडकून बसतो आणि दोन महिन्यांनी नव्या रंगाखालून पांढरा फेस फुलून बाहेर येतो. आणि सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड. उजनी भरलेलं असलं तरी नळाला पाणी यायचा दिवस तो दिवस. त्यामुळे मी कॉस्टिकचं काम पाणी येतं त्याच दिवशी काढतो, टाकी भरून वाहायला लागली की सुरू. हे फक्त गाडी धुण्यासाठी नाही, डोळ्यासाठी. कॉस्टिकचा थेंब डोळ्यात गेला तर तो अ‍ॅसिडपेक्षा खोल जातो, १५ मिनिटं तरी वाहत्या पाण्याने धुवावं लागतं आणि लगेच डोळ्याच्या दवाखान्यात. म्हणून गॉगल म्हणजे ऊन लागू नये म्हणून घालतो तो नाही, बाजूने बंद असतो तो, आणि शेजारी भरलेली बादली, त्यात पाणी घ्यायचा मग. बादली रिकामी असताना कॉस्टिकची पिशवी उघडायची नाही, बास. रबरी ग्लोव्हज मात्र इथं चांगले चालतात, डीसीएमसारखं नाही.

धुतल्यावर बॉडीवर करडा-काळा थर दिसतो, तो जस्ताचाच असतो, घाबरायचं नाही. जुना टूथब्रश आणि भांड्याचा बार घेऊन घासा, हट्टी जागी पितळी तारांचा ब्रश. लोखंडी तारांचा नको, तो जस्ताला ओरखडतो. पॅनेलच्या रेघांत, ग्रिलच्या जाळीत, तळावरच्या 'मेड इन इंग्लंड'च्या अक्षरांत रंगाचे कण राहतात, तिथं सुई किंवा कटरचं टोक घातलं की रेघ कायमची रुंद होते. मी उदबत्ती जळून गेल्यावर खाली राहते ती बांबूची काडी वापरतो, टोक तिरकं कापायचं, जस्तापेक्षा मऊ, रंगापेक्षा कडक, आणि देवघरात फुकट. शेवटी पाण्यात थोडं व्हिनेगर टाकून एक बुडी, लगेच परत साधं पाणी, आणि उन्हात वाळवण. सोलापूरच्या उन्हाची स्तुती करायची दुर्मिळ संधी ती हीच, दहा मिनिटात फटीतलंसुद्धा कोरडं.

हॉट व्हील्सवाल्यांसाठी एक अपवाद. १९६८ ला मॅटेलने ह्या गाड्या काढल्या तेव्हा त्यावर स्पेक्ट्राफ्लेम नावाचा पारदर्शक रंग होता, खालचा पॉलिश केलेला धातू त्यातून चमकतो. तसला रंग परत द्यायचा असेल तर कॉस्टिक घेऊच नका, त्याने आलेला करडेपणा पारदर्शक रंगाखालून दिसतो आणि तो घासून काढता काढता कडा गोल होतात. तिथं थांबा, डिसेंबर येऊ द्या, रिमूव्हर वापरा.

ज्यांना कॉस्टिकची भीती वाटते, आणि वाटावी अशीच ती चीज आहे, त्यांनी धुण्याचा सोडा घ्यावा. खायचा नाही, धुण्याचा. गरम पाण्यात चार-पाच चमचे, गाडी टाकून ठेवायची, दर थोड्या वेळाने पाणी बदलून परत गरम घालायचं. वेळ लागतो, कधी दिवस जातो, एखादा जाड भाजलेला इनॅमल निघतच नाही. पण घरात पोरं मदतीला बसणार असतील तर माझं मत ह्यालाच, तरी ग्लोव्हज मात्र पाहिजेत.

थिनर आणि अ‍ॅसिटोनबद्दल फार काही नाही. नेलपॉलिश अ‍ॅसिटोनने जातं, स्प्रेच्या डब्यातला लॅकर एनसी थिनरने जातो, भाजलेल्या इनॅमलला दोन्हीने फारसा फरक पडत नाही. कुठला रंग आहे ते ओळखायला मात्र अ‍ॅसिटोन बेस्ट, कान साफ करायच्या कापसाच्या काडीला लावून तळाशी घासा, काडी लगेच रंगली तर लॅकर किंवा नेलपॉलिश, कोरी राहिली तर इनॅमल समजून कॉस्टिककडे जा. काच मात्र आधी काढा, ती काच नसते, प्लास्टिक असतं, अ‍ॅसिटोनच्या नुसत्या वाफेनेही पांढरी होते. पेटतं पण लवकर, देवासमोर समई चालू असताना शेजारच्या खोलीत हे धंदे नकोत.

प्लास्टिकच्या भागांवरचा रंग काढायला ब्रेक ऑइल. गॅरेजवाले ऑइल म्हणतात, असतं ते ग्लायकॉलचं. स्पेअर पार्टच्या दुकानात डॉट ३ किंवा डॉट ४ मागा, डॉट ५ घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं, त्याने रंग निघत नाही. काम संथ, एक-दोन दिवस, पण पुष्कळशा प्लास्टिकला सोसतं. तरी आधी आतल्या बाजूला थेंब लावून बघा. परदेशात बरेच लोक मॉडेलवरचा अ‍ॅक्रिलिक रंग काढायला डेटॉल वापरतात, आणि तो चालतो, त्यातल्या पाइन ऑइलमुळे, फक्त एक अट आहे, रंग सुटल्यावर लगेच पाण्याखाली धरायचं नाही. पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट डिंक होतो आणि तो डिंक सगळ्या बारकाव्यांत जाऊन बसतो. आधी स्वच्छ डेटॉलनेच घासून घ्यायचं, मग साबण, मग पाणी. गाडीला आठवडाभर दवाखान्याचा वास येतो ते वेगळं.

काही गाड्या कशातच टाकू नयेत. बॉडीवर जाळीसारख्या भेगा, कडा फुगलेल्या, बोटाने दाबलं तर कोपरा भुरभुरतो, तो झिंक पेस्ट (टूथपेस्टमधला पेस्ट नाही, pest म्हणजे कीड). बनवताना जस्तात शिसं मिसळलं गेलं तर वर्षानुवर्षं आतून दाणे सुटत जातात, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या डिंकी गाड्यांना हा रोग खूप. ह्याला औषध नाही. रंग काढला तर रंगानेच धरून ठेवलेली गाडी हातात तुकडे होऊन येते. फोटो काढा, तशीच ठेवा.

शिशावरून आठवलं, जुन्या रंगात शिसं असू शकतं. भारतात रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१६ च्या नियमाने, त्याच्या आधी घरातल्या डब्यातला रंग गाडीवर कुणी फासला असेल तर त्यात काय असेल देव जाणे. म्हणून कोरडा सँडपेपर मारून रंग उडवणं मला कुठल्याही केमिकलपेक्षा वाईट वाटतं, ती धूळ घरभर जाते आणि रांगणाऱ्या पोराच्या तोंडात जाते. ओलं काढा. निघालेला चिखल पेपरवर वाळवून पिशवीत बांधून ठेवा, गटारीत सोडू नका.

रिव्हेट, टायर, काचा हे सगळं रंग काढायच्या आधी सुटं करायचं हे वेगळं सांगायला नको, ३-४ मिमीच्या ड्रिल बिटने रिव्हेटचं फक्त डोकं उडवायचं, खांब नाही. बाजूला कागदी जाहिराती, स्टिकर असतील तर आधी सरळ उभा राहून फोटो, सोबत पट्टी ठेवून, नंतर छापून घ्यायला माप लागतं.

आणि रंग काढल्यावर गाडी तशीच ठेवू नका, उघडं जस्त आठवड्यात मळकट होतं. प्रायमर घ्यायला गेलात की दुकानदार हमखास रेड ऑक्साइड पुढे करतो, "लोखंडाला हेच लावतात साहेब". बरोबर आहे त्याचं, पण लोखंडाला. जस्तावर तो तेलकट बेसचा प्रायमर थेट लावला तर जस्त आणि तेल मिळून मधे साबण होतो, कॉस्टिकने जे आपण मुद्दाम केलं तेच आपोआप, आणि वर्ष-दोन वर्षांत रंग पापुद्र्याने निघतो. कारच्या रंगाच्या दुकानात एच (etch) प्रायमर किंवा वॉश प्रायमर मागा, तो धातूला चावून बसतो, पातळ एकच हात पुरतो.

सध्या टेबलावर वर सांगितली तीच ५ नंबरची बस आहे, बॉडी उघडी होऊन प्रायमर लागलाय, पण मागचं एक चाक नाही. छोटं काळं प्लास्टिकचं, एक्सलसकट असेल तर उत्तम. गड्ड्याच्या यात्रेत जुन्या खेळण्यांचा ढीग लावून बसतात तिथं ह्या जानेवारीत शोधणारच आहे, पण तोवर कुणाच्या डब्यात जादा पडलं असेल तर कळवा, बदल्यात हॉट व्हील्सच्या चाकांचा जोड देतो, आणि पाहिजे तर अर्धा किलो कॉस्टिक.